उरवाई उतरताना

ब्रेकचे पॅड घ्यायला आलेलं गिऱ्हाईक ग्वाल्हेरात हमखास एकच प्रश्न विचारतं : "भैया, चलेगा कितना?" सायकल थांबेल कशी, हे कुणी विचारत नाही. थांबणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. मोजलेल्या पैशांत पॅड टिकावं किती, एवढाच घोर. मी उत्तर न देता उलट विचारतो, "किले पे जाते हो क्या?" समोरचा बुचकळ्यात पडतो. त्याला पॅड हवं असतं आणि हा माणूस किल्ल्याच्या चौकशा करतोय. पण माझ्या दुकानातली निम्मी निवड त्या एका प्रश्नावर उरकते.

दुकान लष्करात. दौलतराव शिंद्यांच्या छावणीचं पुढे शहर झालं, तेच हे लष्कर. आजोबांनी सायकली भाड्याने द्यायला सुरुवात केली, अण्णांनी विक्री आणि दुरुस्ती वाढवली, गिअर आणि डिस्क माझ्या वाट्याला आले. अण्णांच्या हातून गेल्या त्या सगळ्या सळईच्या ब्रेकच्या सायकली. हँडलखालची पट्टी ओढली की सळया वर खेचल्या जायच्या आणि रबराचे दोन ठोकळे रिमला आतून दाबायचे. पावसात ते ब्रेक नावालाच असत, आणि पाय जमिनीला टेकवून थांबणं ही प्रत्येकाने शिकलेली विद्या होती. रबर झिजलं की नवं रबर. त्यात निवडायला काही नव्हतंच.

त्या सायकलींचा काळ सरला. इथून भिंडच्या रस्त्याला मालनपूर लागतं, तिथे ॲटलसचा कारखाना होता. तो २०१४ मध्ये बंद झाला. साहिबाबादचा त्यांचा कारखाना २०२० च्या ३ जूनला थांबला, नेमक्या जागतिक सायकल दिनाच्या दिवशी. त्या तारखेचा अण्णांना आजही राग आहे. आता नववीतला मुलगा डिस्क नसलेल्या सायकलीकडे ढुंकूनही बघत नाही. खरं सांगायचं तर त्यातल्या अर्ध्या पोरांना डिस्कची काही गरज नाही. घर ते शाळा सपाट रस्ता, वेग बेताचा, रिमवरचे साधे ब्रेक त्यांना पुरले असते आणि सांभाळायलाही सोपे गेले असते. पण हे दुकानदाराने बोलायचं नसतं, आणि मी बोललो तरी ऐकणारं कुणी नसतं.

तर डिस्क आहेच, मग पॅड कोणतं?

पॅडच्या पाकिटाला हात लावण्याआधी मी डिस्क पुसतो. चाक स्टँडवर फिरवून फडक्याने तिची धूळ काढली की हबकडच्या बाजूला बारीक कोरलेली अक्षरं दिसतात. स्वस्त आणि मधल्या भावाच्या बहुतेक सायकलींवर तिथे लिहिलेलं असतं, 'रेझिन पॅड ओन्ली'. सायकल विकताना हे कुणी वाचून दाखवत नाही, आणि घेणाराही वाचत नाही. अर्थ सरळ आहे. ही डिस्क मऊ पोलादाची आहे, तिला मऊ पॅडच लावा. धातूचं पॅड लावलंत तर पॅड टिकेल आणि डिस्क खलास होईल. ज्या डिस्कवर काहीच लिहिलेलं नाही तिलाही मी मऊच समजतो. गप्प बसलेल्या डिस्कवर भरवसा ठेवण्याइतकं धाडस माझ्यात नाही.

त्याच डिस्कवर दुसरा एक आकडा असतो, किमान जाडीचा. शिमानोच्या डिस्कवर तो १.५ मिलिमीटर असतो. नवी डिस्क असते १.८. म्हणजे उभ्या आयुष्यात तिने झिजायचं ते फक्त ०.३ मिलिमीटर. नख फिरवलं आणि कडेला पायरी लागली तर व्हर्नियर काढायचा. डिस्कच संपली असेल तर तिच्यावर नवे पॅड चढवणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात.

आता पॅडांचं सांगतो. मुख्य जाती दोन. रेझिनचं, म्हणजे निरनिराळे तंतू आणि भुकट्या राळेत घट्ट बांधून केलेलं. ते मऊ, आवाज कमी, हात लावताक्षणी पकडणारं, पण लवकर झिजणारं आणि फार तापलं की ढिलं पडणारं. दुसरं सिंटर्ड. आमच्याकडे सगळे त्याला मेटलचं म्हणतात. तांबं किंवा कासं असल्या धातूंची भुकटी उष्णतेने आणि दाबाने एकजीव करून बनवलेलं. ते टिकतं, उष्णता सोसतं, ओल्यातही काम करतं. पण थंड असताना थोडं आळशी आणि आवाजाला मोकळं. दोन्हींच्या मधलं अर्धधातूचंही मिळतं. त्याच्या पाकिटावर दोन्हींचे सगळे गुण लिहिलेले असतात आणि दोष एकही नसतो, म्हणून ते मी फारसं ठेवत नाही.

परदेशी पुस्तकांत आणि कंपन्यांच्या पत्रकांत सल्ला ठरलेला : कोरड्यात रेझिन, चिखल-पावसात मेटल. जिथे बारा महिने भुरभुर पाऊस आणि पायाखाली चिखल, अशा मुलखासाठी तो ठीक आहे. आमचं कोरडं वेगळं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, लू सुटते, आणि हवेत जी धूळ उडते ती नुसती माती नसते. हा वालुकाश्माचा मुलूख. किल्ला त्याच दगडावर उभा आहे आणि त्याच दगडाचा बांधलेला आहे. फरशा कापणारे कारखाने आहेत, दगड वाहणारे ट्रक आहेत. त्या दगडाची भुकटी म्हणजे बारीक गारगोटी. ती डिस्क आणि पॅडच्या मध्ये शिरली की मऊ पॅडमध्ये रुतून बसते आणि डिस्कवर रेघा ओढत राहते. मग जुलै-ऑगस्टचा पाऊस येतो आणि त्याच भुकटीचा काला होतो. वर्षभर टिकलेलं रेझिनचं पॅड त्या दोन महिन्यांत पत्र्यावर येतं, आणि गिऱ्हाईक समजतं की दुकानदाराने कमअस्सल माल गळ्यात मारला.

जुनं पॅड मी लगेच फेकत नाही. तळहातावर घेऊन उजेडात धरतो. सायकल कशी चालवली, कुठे चालवली, आधीच्या माणसाने ब्रेक कसे बसवले, सगळं त्यात उमटलेलं असतं. एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ झालेलं पॅड सांगतं की पॅड धरणारा कॅलिपर तिरका बसवलाय. जोडातलं आतलं पॅड जवळजवळ नवं आणि बाहेरचं संपलेलं, असं दिसलं की सायकल तारेच्या डिस्कची आहे हे न बघता कळतं. त्या स्वस्त कॅलिपरमध्ये बाहेरचंच पॅड सरकतं. आतलं जागेवर उभं. सरकणारं पॅड डिस्कला ढकलत ढकलत उभ्या पॅडपर्यंत नेतं. म्हणून आतल्या बाजूचा स्क्रू फिरवून उभं पॅड डिस्कच्या अगदी जवळ, कागद जेमतेम जाईल इतक्यावर आणून ठेवायचं असतं. ते कुणी करत नाही. डिस्क वाकत राहते, ब्रेकचा दांडा हँडलला टेकतो, आणि मुलगा म्हणतो, पॅड खराब आहेत. अशा कितीतरी सायकली मी पॅड न बदलता परत पाठवल्या आहेत. अण्णांना हे पटत नाही. त्यांच्या मते गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने पाठवलं की त्याला काम झाल्यासारखं वाटत नाही, आणि यात ते अगदीच चूक नाहीत.

आणखी एक गोष्ट जुनी पॅडं सांगतात. आमच्या गावात मागचं पॅड नेहमी आधी संपतं. जोरात थांबताना वजन पुढे येतं, काम खरं तर पुढच्या ब्रेकने करायचं. पण प्रत्येक आईबापाने मुलाला पहिल्या दिवशीच बजावलेलं असतं, पुढचा दाबलास तर तोंडावर आपटशील. ते मूल चाळिशीचं झालं तरी पुढच्या दांड्याला बोट लावत नाही. मागचा ब्रेक धरून, अर्धवट दाबून, चाक घसटत तो सगळं शहर पालथं घालतो. सपाट रस्त्यावर हे खपून जातं. किल्ल्यावर खपत नाही.

किल्ल्याच्या पायथ्यापासून माथा तीनशेएक फूट, म्हणजे नव्वद मीटरच्या आसपास. गाडीचा रस्ता पश्चिमेकडून, उरवाई गेटमधून. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि त्यांत पंधराव्या शतकात तोमरांच्या राज्यात कोरलेल्या तीर्थंकरांच्या मूर्ती. त्यातली सर्वांत मोठी सत्तावन्न फुटांची. चढताना त्या नीट बघायला मिळतात, कारण चढताना सायकल हातात असते. उतरताना ती बुडाखाली असते आणि मूर्तींकडे बघायची सोय राहत नाही. वर शाळा आहे, गुरुद्वारा आहे, राहती घरं आहेत. तिथे कामाला असणारे काही लोक रोज हा रस्ता सायकलीने करतात. मोटारसायकलवाला उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवतो, अर्धं काम इंजिन करतं. सायकलवाल्याकडे तशी सोय नाही. त्याचा सगळा भार त्या दोन नखाएवढ्या पॅडांवर.

अशाच वर नोकरीला असलेल्या एका भारदस्त गृहस्थांची गोष्ट. ते आले ते तक्रार घेऊनच. पॅड तीनदा बदलून झाले, दुसऱ्या दुकानातून, दर वेळी आधीपेक्षा महागडे, तरी खाली गेटपाशी येईतो दांडा भसकन आत जातो. मी मागचं चाक काढलं. डिस्कवर निळसर-सोनेरी झाक आली होती. पोलाद फार तापलं की असा रंग चढतो. पॅड बाहेर काढलं तर त्याचा चेहरा काचेसारखा गुळगुळीत, नखाने खरवडलं तरी भुकटी निघेना. जळक्या राळेचा वास अजून होता. पुढची पॅडं मात्र कोरी करकरीत, कारखान्यातून आली तशी.

मी त्यांच्यासमोरच पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. तुम्ही, पिशवी आणि सायकल मिळून शंभर किलो धरू. नव्वद मीटर खाली येताना तेवढ्या वजनाची जी ऊर्जा सुटते ती अठ्ठ्याऐंशी किलोज्यूल. भरधाव सुटलात तर त्यातली बरीचशी वारा खाईल, पण तुम्ही सावकाश उतरता, म्हणजे जवळपास सगळी ब्रेकमध्ये जाणार. एवढ्या उष्णतेत थंडीच्या दिवसांतलं पाव लिटर पाणी उकळतं. दोन कप चहाचं आधण. ती सगळी उष्णता तुम्ही एका, तीही मागच्या, सव्वाशे ग्रॅमच्या चकतीत ओतता आणि वर मऊ पॅडने ती पकडून ठेवायला सांगता. ते म्हणाले, "मतलब चाय बना रहा हूँ मैं?" म्हटलं, रोज.

त्यांना मेटलचे पॅड द्यायचे हे उघड होतं. पण त्यांच्या डिस्कवर तीच बारीक अक्षरं, रेझिन पॅड ओन्ली. आधीच्या दुकानदाराने निदान ती मर्यादा पाळली होती. त्यामुळे पुढची डिस्कच बदलायला हवी होती. बदलायचीच तर १६० ची काढून १८० मिलिमीटरची, मेटल पॅड चालणारी. त्यासाठी कॅलिपरखाली ॲडॅप्टर लागतो, आणि फोर्क तेवढी मोठी डिस्क घेण्याजोगा आहे ना, हेही बघावं लागतं. त्यांचा होता. मोठी डिस्क म्हणजे तरफ लांब, तापायला पोलाद जास्त आणि निवायला जागाही जास्त. त्यांचे ब्रेक तारेचे होते, ही इथे सोयीचीच गोष्ट. मेटलचं पॅड उष्णता कॅलिपरकडे जास्त पोचवतं. हायड्रॉलिकमध्ये तिथे तेल असतं, त्याचा विचार करावा लागतो. तारेला तापण्याचं भय नाही. मागे मी रेझिनच ठेवलं. पुढे एक जात आणि मागे दुसरी, यात काही गैर नाही. दोन चाकांची कामं वेगळी आहेत, पॅडही वेगळे असू देत.

ते सगळं ऐकून त्यांनी विचारलं, पॅडसाठी आलो होतो, डिस्क कशाला गळ्यात घालता? प्रश्न रास्त होता. झिजायचं कुणी तरी असतंच. ते स्वस्तातल्या, दोन मिनिटांत बदलता येणाऱ्या भागाने झिजावं अशी सगळी रचना आहे. पॅड जास्त टिकवायच्या नादात डिस्क खाल्ली गेली तर तो सौदा वाईट. ते तयार झाले. खरी अडचण पुढे आली. त्यांना पुढचा ब्रेक दाबायला शिकवणं. पन्नाशीच्या माणसाच्या बोटांतली भीती पाना-पक्कडीने निघत नाही. पहिल्यांदा सपाटीवर, मग गल्लीतल्या चढाच्या उतरत्या बाजूला, ढुंगण मागे सरकवून, दोन्ही दांडे सारखे, पण सतत घसटत नाही. दाबायचं, वेग मारायचा, सोडायचं, वारा लागू द्यायचा, पुन्हा दाबायचं. हे जमलं आणि त्यानंतर त्यांचा दांडा आत गेल्याची तक्रार आली नाही. आवाज होतो म्हणाले. मेटल आहे, होणारच.

आवाजावरून आठवलं. डिस्क ब्रेक आणि किंचाळणं यांचं नातं जुनं आहे. १९०२ साली बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने मोटारीच्या डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं तेव्हा पॅड तांब्याचे होते आणि आवाज इतका भयंकर की कल्पना चांगली असूनही ती मागे पडली. सव्वाशे वर्षं होत आली, मेटल पॅडमध्ये तांबं आजही असतं आणि लोक आजही आवाजाचीच तक्रार घेऊन येतात. फक्त आमच्याकडे त्यावर घरगुती उपाय होतो, आणि तो लँचेस्टरला सुचला नव्हता हे बरं.

चिटणीस की गोठमधल्या एक मावशी मुलाची सायकल घेऊन आल्या. मुलगा मागे मान खाली घालून उभा.

"काय रे, नवे पॅड टाकून महिना नाही झाला आणि ब्रेक लागतच नाही."

मी डिस्कवर बोट फिरवलं. बोट पिवळं झालं. नाकाजवळ नेलं तर लोणच्याचा वास.

"मावशी, तेल कुणी घातलं?"

"किंचाळत होतं ना रे ते. गल्लीतले लोक बघायला लागले. मग ह्यांनी घातलं. चांगलं मोहरीचं, मुरैन्याच्या घाण्यावरचं. साधं नाही काही."

तेलाच्या शुद्धतेबद्दल वाद नव्हताच. चंबळच्या या टापूत मोहरीचं तेल बिजागरीपासून गुडघ्यापर्यंत सगळीकडे चालतं. सायकलच्या साखळीलाही लोक तेच घालतात, आणि चिकटून धूळ ओढतं एवढं सोडलं तर साखळीचं फार बिघडत नाही. पण पॅड सच्छिद्र असतं. तेल वर राहत नाही, आत मुरतं. डिस्क स्पिरिटने पुसून कोरडी करता येते, पॅडचं तसं नाही. पॉलिश पेपरवर घासा, गॅसवर भाजा, साबणात उकळा, सगळे प्रकार सांगणारे लोक आहेत आणि मी ते सगळे पाहिले आहेत. घासल्यावर पॅड दोन दिवस बरं वागतं, मग तापलं की आतलं तेल पुन्हा वर येतं. वरवर शिंतोडा उडाला असेल तर घासून बघावं. तेल मुरलं असेल तर फेकावं. ब्रेकच्या बाबतीत काटकसरीला माझा विरोध आहे, आणि हे मी नवे पॅड खपावेत म्हणून म्हणत नाही, हे मावशींना पटवायला चहा मागवावा लागला.

मुळात ते पॅड किंचाळत का होते? कारण नवे बसवल्यावर कुणी ते रुळवले नव्हते. नव्या पॅडच्या चेहऱ्यावरचा थोडा माल डिस्कवर पातळ, सारखा पसरायला लागतो. तो थर बसल्याशिवाय पकड येत नाही आणि आवाज जात नाही. त्यासाठी सायकल वीसेक किलोमीटरच्या वेगाने न्यायची, चालण्याच्या वेगापर्यंत आवळून आणायची, पण चाक पूर्ण थांबू द्यायचं नाही. थांबलं तर त्याच जागी गरम माल चिकटतो. असं वीसेक वेळा, मग थोड्या जास्त वेगाने आणखी दहाएक वेळा, पुढचं आणि मागचं वेगवेगळं. आमच्या गल्लीत वीसचा वेग गाठायच्या आत गाय तरी येते नाहीतर टेम्पो. म्हणून मी पोरांना मेळ्याच्या मैदानावर पाठवतो. १९०५ मध्ये माधवराव महाराजांनी सुरू केलेला मेळा थंडीत भरतो, एरवी तिथे रस्ते मोकळे पडलेले असतात. मावशींच्या मुलाला नवा जोड बसवून तिकडेच पिटाळलं. तासाभराने घामाघूम होऊन आला आणि ब्रेक दाबून मागचं चाक दुकानासमोर सर्रकन घसरवून दाखवलं. मावशींनी तिथेच त्याचा कान धरला.

सकाळी तिघऱ्याच्या तलावाकडे जाणारी हौशी मंडळी वेगळ्या जातीची. सायकली महागड्या, ब्रेक हायड्रॉलिक, आणि पॅडबद्दल सगळं वाचून आलेली. त्यांना मेटलचं हवं असतं कारण ते महाग. रस्ता बहुतेक सपाट, उतार किरकोळ, पावसात ही मंडळी घरी. रेझिन त्यांना दोन-दोन वर्षं जाईल. पण महाग म्हणजे चांगलं, हे ज्याच्या डोक्यात पक्कं आहे त्याच्याशी मी वाद घालत नाही. फक्त डिस्क बघून घेतो, आणि तेल कुठलं आहे ते विचारतो. शिमानो, टेक्ट्रो यांत खनिज तेल चालतं, काही ब्रेकांत डॉटचं ब्रेक-ऑइल लागतं. एकाच्या जागी दुसरं भरलं तर आतली रबरं फुगतात. तो पॅडचा विषय नव्हे, पण पॅडच्या निमित्ताने ब्रेक उघडला की कुणी तरी "लगे हाथ तेल भी डाल दो" म्हणतोच.

पॅड मागवताना दुसरी कटकट आकाराची. शिमानोच्या बी-झिरो-वन-एस आकाराचे पॅड त्यांच्या साध्या ब्रेकांच्या कितीतरी मॉडेलांत बसतात. तो एक आकार खणात असला की बरीचशी गिऱ्हाइकं भागतात. पण बिननावाच्या कॅलिपरांचे गोल पॅड, शेपटीवाले पॅड, एका बाजूला खाच असलेले पॅड, यांना अंत नाही. फोनवर फोटो बघून पॅड द्यायचं मी सोडून दिलंय. जुनं घेऊन या, त्याच्यावर नवं ठेवून बघू, मग बोलू. त्यात हुबेहूब छापील पाकिटातला नकली मालही येतो. तो पकडायची माझी परीक्षा साधी आहे. पॅडच्या मालाची आणि मागच्या पत्र्याची जोडणी भिंगातून बघतो. तिथे फट किंवा बुडबुडा दिसला की आख्खा डबा परत. पॅड लवकर झिजलं तर चालतं, पत्र्यापासून सुटलं तर माणूस जातो.

सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक मात्र पुरानी छावनीकडे फरशी कापायच्या कामावर जाणारा एक तरुण. जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर, तेही दगडाच्या भुकटीतून. सायकल साधी, तारेची डिस्क, अर्थातच रेझिन ओन्ली. पुस्तकाप्रमाणे त्याला मेटलच हवं. पण त्यासाठी दोन्ही डिस्का बदलायच्या, आणि तेवढ्या पैशांत त्याचं घर आठवडाभर चालतं. मी त्याला पॅड बदलायलाच शिकवलं. पिन सरळ करायची, ओढायची, जुने पॅड आणि मधली स्प्रिंग एकत्र बाहेर काढायची, नवे त्याच स्प्रिंगवर चढवून आत सरकवायचे, पिन घालून टोक वाकवायचं. हे टोक वाकवणं विसरायचं नाही, ते मी त्याच्याकडून दोनदा करून घेतलं. रोज संध्याकाळी डिस्कवर साधं पाणी ओतायचं, म्हणजे भुकटी धुऊन जाते. आणि पॅडचा माल अर्ध्या मिलिमीटरवर आला की बदलायचं. जाडी समजावायला पोस्टकार्ड शोधत बसलो, मग लक्षात आलं की ते आता कुणाकडे नसतं. शेवटी एक जुनं पॅड नेमकं तेवढं घासून त्याला नमुना म्हणून दिलं. तो स्वस्तातले रेझिनचे जोड एकदम घेऊन ठेवतो.

जून लागायच्या आत दिल्लीला मागणी पाठवावी लागते, कारण पावसाळ्यात सगळ्यांचे पॅड एकदमच संपतात. यंदाची यादी अण्णांनी चष्मा लावून वाचली. रेझिनचे जोड बघून काही बोलले नाहीत. मेटलच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हे एवढे कशाला? वर राहतात कितीजण?"

"वर जाणारे वाढलेत, अण्णा."

"मग डिस्का पण लिही. नुसते पॅड घेऊन बसशील." त्यांनी पेन मागितलं आणि १८० च्या डिस्का स्वतःच्या हाताने यादीत चढवल्या, ॲडॅप्टरांसकट.